तिसरा साक्षीदार

मे महिन्यात अकोल्यात बर्फाचं वादळ आलं आणि ते फक्त आमच्या घरावर आलं. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडे चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं आणि समोरच्या तायडेकाकू गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या.

"तुमच्याकडे हे काय पडून राहिलं हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

"बर्फ."

"आमच्याकडे नाही."

"हो, दिसतंय."

त्या पुन्हा कुरडयांकडे वळल्या.

साडेअकराला मला विवाह नोंदणीच्या ऑफिसात पोचायचं होतं. माझ्या बहिणीचं, शर्वरीताईचं, विपुलशी रजिस्टर लग्न होतं. अशा लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन विपुलचे मित्र होते, तिसरा मी. सहीला घरातलं एक तरी माणूस हवं, असा ताईचा हट्ट. बाबांना विपुल नको होता, म्हणून त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ताई सकाळी शालू पिशवीत लपवून 'पेपर तपासायला जाते' म्हणून निघाली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. मी चपला घातल्या आणि बर्फ सुरू झाला.

आदल्या रात्री मी देवाला एवढंच म्हटलं होतं, की उद्या जायला जमू नये. कसं, ते त्याच्यावर सोडलं होतं.

"अशा बर्फात कोण बाहेर जातं? बस घरात," बाबा म्हणाले.

"बरं," मी म्हणालो. जरा लवकरच म्हणालो.

मग दिवस फार छान गेला. आईने दिवाणातून रजया काढल्या. बाबांनी माळ्यावरून कॅरम उतरवला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाल्यापासून बाबा माझ्याशी फक्त गॅस सिलिंडरविषयी बोलत. आज त्यांनी राणी घेतली आणि माझ्या पाठीत धपका घालून हसले. आई फ्रीझरमधले जानेवारीतले तुरीचे सोले काढून भाजीला लागली.

फोन वाजला. ताई.

"निघालास?"

"ताई, इथे बर्फ आहे."

"किती?"

"गुडघ्यापर्यंत." तो घोट्यापर्यंत होता.

"मग सावकाश ये. आम्ही थांबतो."

फोन ठेवून बाहेर पाहिलं. बर्फ गुडघ्यापर्यंत आला होता.

एक बोर्ड संपला तेव्हा पुन्हा फोन आला.

"कुठवर आलास रे? आमच्या मागे नंबर होता ना, त्या जोडप्याला मुलगी झाली. पेढे वाटले आत्ता."

"वा."

"बर्फ कसा आहे?"

"कमरेपर्यंत," मी म्हणालो, आणि तसंच झालं.

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"ताई."

"झाले का पेपर?"

"बरेच उरलेत म्हणते."

"तिला म्हणावं, लवकर ये. चौघं असलो की खेळाला मजा येते." त्यांनी बोर्डावर पावडर टाकली आणि तळहाताने हळूहळू पसरत राहिले.

तिसरा फोन आला तेव्हा आमच्या घड्याळात सव्वा वाजला होता. ताईचा आवाज थोडा घोगरा झाला होता.

"पहिले साहेब रिटायर झाले. आता मॅडम आहेत. चांगल्या आहेत. म्हणतात, भाऊ निघालाय तर थांबा."

"ताई, दुसऱ्या कोणाची तरी सही घे ना. कोणीही चालतं."

"शिपाई तयार होता. मीच नाही म्हटलं. म्हटलं, माझा भाऊ येतोच आहे."

"बर्फ खिडकीपर्यंत आलाय," मी म्हणालो. खोलीत अंधारून आलं.

आईने ताटं वाढली. मी भाजी दोनदा घेतली. सांगू नये, पण भाजी फर्मास झाली होती.

हात धुताना खिडकी वाजली. वर चार बोटं फट तेवढी उरली होती. मी काच सरकवली. ताई बर्फावर पालथी झोपून आत बघत होती. सकाळच्या शालूची जर काळी पडली होती. मागे, रस्त्यावरच्या उन्हात, विपुल काठी टेकून उभा होता. त्याने मला हात केला.

"तू अडकलास म्हणून मॅडमनी कागद घरी न्यायला दिला," ती म्हणाली. "थंडी वाजतेय का रे तुला, राजा?"

"नाही. रजई आहे."

"बरं झालं बाई."

तिने फटीतून कागद आत सरकवला आणि पेन दिलं. पेन उन्हाने तापलं होतं. तिसऱ्या साक्षीदाराची ओळ कोरी होती. वधूच्या वयाच्या रकान्यात सत्तावीस खोडून चौतीस केलं होतं, चौतीस खोडून बेचाळीस, बेचाळीस खोडून एकावन्न. प्रत्येक खाडाखोडीशेजारी तिची बारीक सही होती.

मी पेनाचं टोपण काढलं.

"पिंट्या, खिडकी लाव, गारठा येतोय," बाबा आतून म्हणाले. "काहून उघडली? कोण आहे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"तायडेकाकू," मी म्हणालो.

"एक मिनिट दे," म्हणत ताईने कागद अलगद परत ओढून घेतला, एकावन्नवर काट मारली आणि पिशवीत चष्मा शोधायला लागली.