माझ्या पोटातली खर

मी शनवारा वेशीजवळच्या दिगंबर मास्तरांच्या घरातलं जातं बोलतोय. कुणाचा हेवा करू नये म्हणतात. मी करतो, आणि तोही एका इंग्रजी शब्दाचा.

काळ्या दगडातून घडून मी या घरात आलो. आधी मास्तरांच्या आईनं, सोजरबाईंनी मला फिरवलं, मग मास्तरांच्या बायकोनं, कुसुमनं. तिच्या ओव्या ऐकत मी ज्वारी दळायचो. पुढे मास्तर तिला इंग्रजी शिकवू लागले. तिला परीक्षा देऊन मुलींच्या शाळेत शिकवायचं होतं. सोजरबाईंची अट एकच, घरकामात खोट निघाली की पुस्तक बंद. मग काय, हात माझ्या खुंट्यावर आणि नजर मांडीवरच्या पुस्तकात! ओव्या संपल्या.

एकदा मास्तर म्हणाले, "ग्रिट म्हणजे मुळात दगडाचा, रेतीचा खरखरीत कण. पुढे अमेरिकेतल्या लोकांनी चिवट माणसाच्या जिद्दीला तेच नाव दिलं."

"किती छान शब्द आहे हो!" कुसुम म्हणाली.

माझा तिळपापड झाला. अहो, ती खरखरीत खर माझ्या पोटात! जन्मभर झिजलो मी, आणि कौतुक साता समुद्रापलीकडच्या उपऱ्याचं!

त्याच आठवड्यात कडू नावाच्या पाथरवटानं मला टाकी लावून पुन्हा खरखरीत केलं. टाकीनंतरचं पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगडाची कच उतरते. कुसुम पुस्तकाच्या नादात ते टाकायला विसरली. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"माय वं! भाकर हाय का तापीची रेती?" सोजरबाई ओरडल्या. "दात हिलून गेला माझा! बस झालं तुझं इंग्रजी." पुस्तक फडताळात गेलं. मास्तर खाली मान घालून जेवत राहिले.

दुसऱ्या पहाटे कुसुम दोन्ही हातांनी दळायला बसली. मी ओवीची वाट पाहिली. तिनं दर फेऱ्याला एकेक इंग्रजी शब्द अर्थासकट म्हणायला सुरुवात केली. महिनाभर तेच. पीठ मात्र मैद्यासारखं.

शेवटी सोजरबाईंनीच फडताळ उघडलं. "घे माय. पन पीठ असंच बारीक पायजे."

कुसुम पास झाली, शाळेत लागली. आता पीठ इंजिनाच्या गिरणीतून येतं आणि मी परसात पालथा पडून असतो. तिच्या शाळेतल्या मुलींनो, तुमच्या बाईंना विचारा, ग्रिट कुणाकडून शिकलात? त्या मास्तरांचं नाव घेतील. तुम्ही तरी माझं घ्या.