अकरावा ठसा

आधी हात पुसा, मग मला उचला! मी ठशांचा कागद बोलतोय. नाही, चोराच्या ठशांचा नव्हे. चोर म्हटलं की तुम्ही कान टवकारता, आणि सज्जन माणसाचा कागद म्हटलं की जांभया देता.

छापखान्यातून आलो तेव्हा माझ्यावर दहा कोरे चौकोन होते. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्याची. तसं ठळक छापलंय. वाचता येणाऱ्याला एवढं पुरे, असं मला वाटायचं.

एका सकाळी पोलीस ठाण्यातल्या अर्जांच्या खिडकीशी एक बाई आली. पन्नाशीची, दवाखान्यात फरशा पुसणारी. तिला पाळणाघरात कायमची नोकरी मिळत होती. अट एकच, नावावर कुठलाही गुन्हा नसल्याचा दाखला महिनाअखेरीपर्यंत आणायचा. लेकीने अर्ज भरून दिला होता. ओळखपत्राची नक्कल, दोन फोटो, सगळं नीट टाचलेलं. राहिले होते फक्त ठसे.

कारकून फोन खांद्यात दाबून मेव्हण्याशी सोफ्याच्या रंगावर बोलत होता. न बघताच त्याने तिचा डावा हात धरला, शाईत लोळवला आणि माझ्या वरच्या ओळीत दाबला. माझा नुसता संताप झाला!

"साहेब, वर उजवा हात लिहिलंय ना?"

"बाई, वीस वर्षं हेच करतोय. मला शिकवू नका." मग फोनमध्ये, "तुला नाही रे, तू बोल."

उजवा हात खाली उमटला. कारकुनाने मला शाईने माखलेल्या आपल्या अंगठ्याने कोपऱ्यात धरून ढिगावर भिरकावलं.

मुख्य कार्यालयात तीन आठवडे कुजलो. मग माझ्यावर लाल शेरा पडला : 'ठसे चुकीच्या जागी. अर्जदाराने नव्याने अर्ज करावा.' अर्जदाराने! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मला परत त्याच खिडकीवर धाडलं. महिना संपायला दोन दिवस असताना ती आली. शेरा तिने दोनदा वाचला.

"आता?"

"नवा अर्ज. पुन्हा तीन आठवडे."

"तोवर जागा दुसरीला जाईल हो!"

"मी काय करू? ठसे तुमचेच ना?"

तिने दोन्ही हात त्याच्यासमोर टेबलावर ठेवले. "हा डावा, हा उजवा. मला पन्नास वर्षं माहीत आहे." त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. पाळणाघरात दुसरी लागली. ही अजून दवाखान्याच्या फरशा पुसते.

मी 'नाकारलेले' लिहिलेल्या फायलीत पडून आहे. असा दाखला मागायला गेलात, तर मला आधी वाचा आणि चुकीच्या चौकोनाकडे कुणी तुमचा हात ओढला, तर मागे घ्या. भिडेखातर गप्प बसू नका.

आणि जमलं तर माझा कोपरा बघा. तिथे अकरावा ठसा आहे, सगळ्यांत ठसठशीत. तो कुणाचा, हे मात्र अजून कुणी तपासलेलं नाही.