दोनदा म्हणजे होय

पेजेचा वाडगा भरून आत जायचा आणि रिकामा होऊन बाहेर यायचा, एवढं मुलांना दिसत होतं. त्यामुळे आजी आतल्या खोलीत आहे याबद्दल चार वर्षांच्या प्रीतमला काहीच शंका नव्हती.

वाडगा प्रीतमची आई दर्शना रिकामा करायची. दाराला आतून कडी घालायची, आपल्या आईच्या पलंगाच्या कडेला बसायची, मास्क हनुवटीखाली ओढायची आणि पेज संपवायची. तिला पेज कधीच आवडली नव्हती. लहानपणी यावरून आईशी तिची रोज भांडणं व्हायची. आता ती लोणच्याच्या फोडीसकट निमूट गिळायची, कारण उरलेलं बाहेर नेलं असतं तर प्रीतमने विचारलं असतं, आजी का नाही जेवली?

आई जाऊन पाच दिवस झाले होते.

एप्रिल महिना, कोरोनाची दुसरी लाट. मरोळच्या त्या जुन्या इमारतीत खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी खोकत होतं. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तिने स्वतःच उशी आणि पांघरूण उचललं आणि ती आतल्या खोलीत गेली. त्या खोलीला संडास-बाथरूम होतं, म्हणून घरीच राहायला परवानगी मिळाली. चौदा दिवस. प्रीतमच्या ताईने, प्रांजलने, कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल काढले आणि रोज एकेक गोल खोडायचं काम प्रीतमला दिलं. अनिरुद्ध, दर्शनाचा नवरा, दुधाच्या प्लँटवर अडकला होता. तिथे कामगारांना पंधरा-पंधरा दिवस आतच ठेवत होते.

पहिले दोन दिवस आई दाराआडून मुलांना कोडी घालत होती. "तीन डोळे, एक शेंडी, पोटात पाणी. सांगा बघू." दोघं दाराला कान लावून बसायची. तिसऱ्या दिवशी तिने खेळ बदलला. "आता आजी बोलणार नाय. मी मनात एक वस्तू धरतलंय, तुम्ही विचारायचा. एकदा ठोकलंय तर नाय, दोनदा म्हणजे होय."

मुलांना तो खेळ झकास वाटला. शेपूट आहे? टक. पाणी पितं? टक टक. तास-तास चालायचं. दर्शना विमा कंपनीत क्लेमचं काम बघायची. त्या आठवड्यात क्लेमचा ढीग लागला होता. कानाला हेडफोन लावून ती गॅलरीत बसायची आणि मुलांचा आवाज कॉलवर येऊ नये म्हणून मधलं सरकतं दार लावून घ्यायची. खालच्या शांताबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "कशी गं तुझी पोरं एवढी शांत? आमचा विकी पंख्याला लोंबकळायचा तेवढा बाकी राहिलाय."

"आई खेळवते त्यांना."

"आजारी बाईला कामाला लावलंस होय?" शांताबाई हसल्या होत्या. दर्शनाही हसली होती.

दिवसातून चार वेळा आई दाराखालून एक चिठ्ठी सरकवायची. त्यावर मोठ्या अक्षरात ऑक्सिजनचा आकडा. ९६. ९५. ९६. दर्शनाने हाक मारून विचारलं की आतून तुटक उत्तर यायचं, "माका काय्येक जावक नाय. तू तुझा काम कर." ती काम करायची.

पाचव्या दिवशी पहाटे तिने चहा ठेवायला दार उघडलं, तेव्हा आई पलंगावर दोन्ही हात टेकून, पुढे वाकून बसली होती आणि तिचे ओठ निळे पडले होते. अॅम्ब्युलन्स दीड तासाने आली. दोन माणसं, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. मुलं झोपेत होती. आईने जाताना त्यांच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं.

आठ वाजता दर्शना त्या खोलीत आईचं आधार कार्ड शोधत होती. उशी उचलली तर खाली आणखी सात चिठ्ठ्या सापडल्या. ९६, ९५, ९५, ९६. आधीच लिहून ठेवलेल्या. ती त्या हातात धरून उभी असतानाच बाहेरून प्रीतमने दार वाजवलं.

"आजी, उठलीस?"

दर्शनाने विचार केला नाही. तिची बोटं वळली आणि दारावर पडली. टक टक.

त्याला त्या क्षणी गप्प करायचं होतं, एवढंच. आई चार-पाच दिवसांत परत येईल, मग सांगू सगळं, असं तिने मनाशी ठरवलं. तीन दिवसांनी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. घराच्या दाराला पालिकेची नोटीस चिकटलेली होती, त्यामुळे तिला बाहेर पडता आलं नाही. अनिरुद्ध प्लँटवरून परस्पर स्मशानात गेला आणि परस्पर परत गेला. तिला व्हिडिओ दाखवू का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली. संध्याकाळी प्रीतमने दार वाजवलं तेव्हा ती पुन्हा आत होती.

उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. मग उद्या यायचा, आणि दुपारी ती पेज घेऊन आत जायची. खरं सांगायचं तर ती त्या वेळेची वाट पाहायला लागली होती. त्या खोलीत अजून आईच्या बामचा वास होता. बाहेरून "आजी" अशी हाक यायची आणि ती हाक अंगावर घेतली की थोडा वेळ आई असल्यासारखं वाटायचं. आई बसायची तशी ती एक पाय दुमडून बसू लागली. एकदा बोलताना तिच्या तोंडून "कशाला"ऐवजी आईचं "कित्याक" निघालं, आणि ती दचकली. ती मालवणी बोलायची नाही. आई गावची, ती मुंबईची.

बाराव्या दिवशी शांताबाईंनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली. ती उचलायला दर्शना बाहेरच्या दारात गेली, दोन वाक्यं बोलली आणि आत आली. प्रीतम आतल्या खोलीच्या दाराशी हसत बसला होता.

"आई, आजीने हत्ती धरला होता! मी ओळखला!"

"कधी?"

"आत्ता. दोनदा ठोकलं ना."

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. प्रांजल खिडकीशी चित्र काढत होती. तिने मान वर केली नाही. दर्शनाने आत जाऊन पाहिलं. खिडकी बंद, पांघरुणाची घडी तशीच. मुलगा आपलं आपणच रचून सांगतो, या वयाची मुलं सांगतात तसं, असं ती स्वतःला म्हणाली. तरी त्या दुपारी पेज खाताना तिने पलंगाच्या एका बाजूला जागा ठेवली.

तेराव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला प्रीतम म्हणाला, "उद्या शेवटचा गोल. मग आजी बाहेर येणार. मी तिला आधी मिठी मारणार, ताई नंतर."

"मार की," प्रांजल म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि आठवडाभर फार कमी बोलत होती.

आता उद्या उरला नव्हता. उद्या दार उघडायचं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी प्रीतम बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला. दर्शना वाडगा घेऊन आत गेली आणि बसून राहिली. खाल्लं नाही. काय शब्द वापरायचे ते ती जुळवत होती. तेवढ्यात दारावर हलकेच वाजलं.

"आजी." प्रांजलचा आवाज. प्रीतमला जाग येऊ नये इतका हळू. "खेळायचं नाही. एक विचारायचंय."

दर्शनाने सवयीने दोनदा ठोकलं.

"चौथ्या दिवशी मी विचारलं होतं, तुला बरं वाटत नाहीये का. तू दोनदा ठोकलंस. मग मी विचारलं, आईला सांगू? तू एकदा ठोकलंस. म्हणून मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का?"

दर्शनाचा हात दारापाशी तसाच राहिला. एकदा ठोकलं तर नाही. एकदा ठोकलं की मुलगी सुटली, आणि आजीनेच सोडवली. एवढं सोपं होतं. तिची बोटं वळलीसुद्धा.

तिने कडी काढली.

प्रांजल जमिनीवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. आईला पाहून तिला नवल वाटलं नाही.

"मला माहीत होतं तूच आहेस," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आजीने एकदा ठोकलं की दुसऱ्यांदा ठोकायला खूप वेळ लागायचा. तू पटापट ठोकतेस."

दर्शनाने तिला आत घेतलं. दार मागे आपोआप लोटलं गेलं. दोघी पलंगावर बसल्या.

"मग मलाच का नाही विचारलंस?"

"तू रडली असतीस ना." प्रांजल वाडग्याकडे बघत होती. "आजी गेली ना गं?"

"हो. शुक्रवारी. हॉस्पिटलमध्ये."

"मी सांगितलं असतं तर?"

दर्शनाला खोटं बोलता आलं असतं. तिने उशीखालून चिठ्ठ्या काढल्या आणि मुलीच्या मांडीवर ठेवल्या. "हे बघ. आजीने मला फसवायचं ठरवलं होतं. तुला पण तिने गप्प बसवलं. तू तिचं ऐकलंस. आपण मोठ्यांचं ऐकायला शिकवतो तुम्हाला, तेच केलंस तू. मी मोठी होते. तिचा आवाज बंद झाला, तेव्हा मला कळायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं, पोरं शांत बसली. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, प्रांजल. मी लावून घेतलं."

प्रांजलने चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, पुन्हा एकावर एक ठेवल्या. मग ती आईच्या कुशीत शिरली आणि बाळासारखी, तोंड उघडं टाकून, आवाज न करता रडली. दर्शनाही रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

बराच वेळ गेला. बाहेर सतरंजीवर हालचाल झाली. छोटी पावलं दारापर्यंत आली आणि दारावर वाजलं.

"आजी? आहेस?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच हात उचलला नाही. तरी दोघी कुठून टक टक येते का म्हणून कान देऊन ऐकत राहिल्या, किती वेळ ते त्यांनाही कळलं नाही.

मग दर्शनाने डोळे पुसले आणि ती दार उघडायला उठली.