डागाची जागा

माझ्या अंगठ्यावर माझा लई भरवसा व्हता. आमी धनगर. मेंढरं इकून आठ वर्सं झाली व्हती, पर बिदर जिल्ह्यातल्या आमच्या मेहकरात कुणाचा बैल लंगडला की आदी माझ्याकडंच आणायचे. मी पाठीवरनं अंगठा फिरवायचो, जिथं जनावर दचकलं तिथं थांबायचो, आन गवऱ्यांच्या इस्तवात लाल केलेली सळई तिथंच टेकवायचो. जनावर उठून चालाय लागायचं. सगळीच न्हाई लागायची, पर जी न्हाई लागली त्येंची याद कोण ठेवतंय?

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. घरात आमी दोघंच, मी आन माझी सून श्रीदेवी. पोरगा सुनीलकुमार पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर, वर्सातनं दोनदा यायचा. श्रीदेवी गुलबर्ग्याकडची, माहेर कानडी, पर वर्सभरात आमच्यावाणी मराठी बोलाय लागली. मला अप्पा म्हणायची. पोटच्या पोरानं कधी म्हणलं नसंल एवढ्या मायेनं म्हणायची.

लग्नाला सहा वर्सं झाली, पोटी काय न्हाई. गावातल्या बाया तोंडावर काय बोलायच्या न्हाईत, पर कुणाच्या डोहाळजेवणाला हिला बोलवायचं बरोब्बर इसरायच्या. तिला व्हती ती एक मांजर. ज्वारीच्या बुट्टीत, म्हंजी टोपलीत, जन्मली म्हून नाव बुट्टी. श्रीदेवी भाकरी थापताना मांजर तिच्या मांडीला टेकून बसायची, आन ही पोरगी तिच्याशी कानडीत काय काय बोलत ऱ्हायची. मी म्हणायचो, "का गं, मांजर जवाब देतंय व्हय?" ती हसायची, "तुमच्यापेक्षा बरं देतंय, अप्पा."

संक्रांत झाली आन बुट्टीचा मागचा पाय घसटाय लागला.

"अप्पा, बिदरला जनावराचे डॉक्टर हायत म्हणं. न्यायची का हिला?"

"अगं, मांजराला येष्टीत घालून दवाखान्यात? गाव तोंडात शेण घालंल माझ्या! आन त्या कॉलेजातल्या पोरांस्नी काय कळतंय? रोग रेड्याला आन औषध पखालीला. आण हिकडं."

मी बुट्टीच्या पाठीवरनं अंगठा फिरवला. कंबरेच्या जरा वर आलो तशी ती किंचाळली आन कडाडून चावली. तिथं कातड्याखाली हरभऱ्याएवढं टणक काय तरी लागलं. मला तर आनंदच झाला. म्हणलं, "सापडलं! मणका सरकलाय. धर तिला, पक्की धर."

श्रीदेवीनं तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. "अप्पा, लई दुखंल का?"

"एक दमाची कळ. मग बघ कशी उड्या मारती. कायबी झालं तरी सोडू नगंस."

मी सळई टेकवली. जळलेल्या केसांचा वास घरभर झाला. मांजर असं वरडलं की शेजारची म्हाळसाबाई पळत आली. बुट्टीनं श्रीदेवीचं मनगट फाडलं, रगत खाली सांडाय लागलं, पर पोरीनं सोडलं न्हाई. मी सांगितलं व्हतं ना, सोडू नगंस म्हणून.

चवथ्या दिवशी बुट्टी तुरीच्या पोत्यावर चढली. खरंच चढली! मी हाटेलात बसून चार माणसांत सांगितलं, कशाला पायजे डॉक्टर? श्रीदेवीनं त्या दिवशी शिरा केला.

शिमग्याच्या आदी दुसरा पाय गेला. फुडच्या दोन पायांवर ती अंग वढत उंबऱ्यापतूर यायची आन तिथंच पडायची. मी म्हणलो, डाग वरवरचा बसला, अजून एक द्यावा लागंल. ह्या खेपेला श्रीदेवी लगीच बसली न्हाई. माझ्याकडं बघत ऱ्हायली. "अप्पा, नक्की?" मी खेकसलो, "तीस वर्सं झक मारली का मी?" मग तिनं धरली. मी त्याच जागी, आदीच्यापेक्षा खोल डाग दिला.

तो डाग चिघळला. पू वाहाय लागला. मग मांजराचं मुतायचं बंद झालं, पोट नगाऱ्यागत फुगलं. एक दिवस सकाळी बघतो तर श्रीदेवी दारात उभी, डोक्यावर पदर, हातात टोपली, तीत मांजर. "मी बिदरला जायलेय," म्हणली. इचारलं न्हाई, सांगितलं. मी चप्पल घालून मागं निघालो. भालकीपतूर टमटम, तिथनं येष्टी.

डॉक्टरीणबाई तरणीच व्हती. तिनं आदी पोट दाबून मूत काढलं. मग चिमट्यानं मागच्या पायाची बोटं कचकन दाबली. मांजरानं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. मग पाठीचा फोटो काढला आन खिडकीच्या उजेडाला धरला. मणक्यांची माळ नीट दिसत व्हती. त्यातला एक मणी उंदरानं कुरतडल्यागत.

"हाडाचा कॅन्सर दिसायलाय," बाई कानडीत म्हणली. मला कानडी समजतंय. "मणक्यात गाठ धरलीय, ती आतल्या दोरीला दाबायलीय. म्हून पाय गेले." मग तिनं डागाभोवतीचं कातडं हळू चाचपलं. "हे कुणी केलं?"

श्रीदेवीनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. म्हणली, "गावात एक म्हातारा हाय."

मी दोन हात लांब उभा व्हतो, रिकामी टोपली धरून. मीच त्यो, एवढंच म्हणायचं व्हतं. जीभ उचललीच न्हाई.

"त्याच्या हाताला मानलं पायजे," बाई म्हणली. "आमाला फोटो काढून जे दिसलं, ते त्यानं नुसत्या बोटानं शोधलं. बरोबर हाच मणका. आन शोधून जाळला."

माझे कान तापले. जन्मात कुणी शिकल्यासवरलेल्यानं माझ्या अंगठ्याची तारीफ केली नव्हती. केली ती अशी.

"एक पाय घसटत व्हता तवा आणली असती तर?" श्रीदेवीनं इचारलं.

"हमी कुणीच दिली नसती. मोठ्या शहरात न्यावं लागलं असतं. गाठ काढता आली असती तर वर्स, दोन वर्सं निघाली असती. कुत्र्यात हा रोग झरझर फुफ्फुसात पसरतो, मांजरात बऱ्याचदा सावकाश. आता पायातली जाणच गेलीय. आन कापायचं म्हणलं तरी ह्याच कातड्यातनं, ते तर नासलंय." बाईनं आवाज खाली आणला. "लई हाल व्हायलेत हिचे. इंजेक्शन देऊन सोडवणं, एवढंच ऱ्हायलंय."

तवा माझं तोंड उघडलं. काय बोलावं माणसानं! म्हणलो, "बाई, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतंय."

श्रीदेवी वळली. "ते डॉक्टरीणबाईंनी वाहायचं का?"

तिनं बुट्टीला मांडीवर घेतलं, तिसऱ्यांदा धरलं. मनगटावरचे वण अजून ताजे व्हते, बुट्टीनं त्याच मनगटावर पंजा ठेवला. ह्या खेपेला मांजर वरडलं न्हाई. श्रीदेवी कानडीत काय तरी सांगत व्हती, मदीच गप झाली.

घरामागं लिंबाखाली खड्डा मीच केला. माती लोटून झाल्यावर म्हणलो, "चुकलं माझं, पोरी." ती म्हणली, "हात धुवा. जेवाय वाढते." भाकरी गरम व्हती. पाणी, आंघोळ, कापडं, कशात कमी केलं न्हाई तिनं. पर अप्पा म्हणणं थांबलं. मी दिस मोजत बसायचो, आज तरी म्हणंल, आज तरी.

पाडवा झाला आन खटकचिंचोळीचे अंकुशराव बैल घेऊन आले. कंबरेत लचकत व्हता. मी अंगठा फिरवला. अंगठा मेला अजून तसाच, बैल दचकला आन मी थांबलो.

"सापडलं न्हवं? सळई घाला मग इस्तवात," अंकुशराव म्हणले.

श्रीदेवी दारात उभी व्हती. मी मोठ्यानं म्हणलो, तिला ऐकू जावं म्हणूनच म्हणलो, "न्हाई. ह्याला बिदरला न्या. आजच्या आज."

"रेवणप्पा, डोस्कं फिरलं का? तुमीच तर त्या डॉक्टरांस्नी शिव्या घालत व्हतात!"

"घालत व्हतो. आता मीच सांगायलोय. जावा."

ते बडबडत गेले. मी वळलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता म्हणंल. तोंड वर करून मी वाटच बघत व्हतो.

"बैलाला तुमी बिदरला न्या म्हणलाव, चांगलं केलाव," श्रीदेवी म्हणली. मनगटावरचा वण तिनं पदराखाली घेतला. "मला मातर बुट्टीला दोनदा धराय लावलाव."