आग्नेय कोपरा

श्रीरंगने हवनकुंड उचलून हॉलच्या मधोमध ठेवलं. बाळकाकांनी ते उचलून पुन्हा आग्नेय कोपऱ्यात ठेवलं. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा वास्तुशांतीला जमलेल्या मंडळींनी चहाचे कप खाली ठेवले.

"काका, कोपऱ्यात नको," श्रीरंग म्हणाला. "मधोमधची आग चारी बाजूंनी गार हवा ओढते, वर जाईपर्यंत निवते. कोपऱ्यात दोन बाजूंना भिंत. तीच आग छत भाजून काढते."

"अग्नीची दिशा आग्नेय," बाळकाका म्हणाले. आठवडाभर ते विमा कंपनीत आगीचे क्लेम नाकारत आणि शनिवारी अग्नीला आवाहन करत. दोन्हीकडे त्यांचा शब्द शेवटचा असे.

श्रीरंगने वर पाहिलं. छताला पितळी फुलासारखा, आगीने तापला की पाणी फवारणारा स्प्रिंकलर होता. कोलंबसजवळच्या डब्लिनमधल्या त्या नव्या कॉलनीत, १९८६ साली, राहत्या घरात तो बसवून घेणारा श्रीरंग एकटाच. कोलंबसच्या लॅबमध्ये तो कित्येक वर्षं बंद खोल्यांत सोफे पेटवत होता आणि छत कुठे किती तापतं ते मोजत होता. मराठी मंडळात त्याची ओळख मात्र 'सोफे जाळणारे' एवढीच.

"श्रीरंगराव, छताकडे बघायचा पगार देतात म्हणे तुम्हाला!" शैलेंद्र म्हणाला. श्रीरंगच्या बायकोचा, वीणाचा, हा थोरला भाऊ चँडलरहून आला होता. तिकडे तो कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायचा आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. "चार समिधांनी तो उघडणार? कमॉन यार!"

मंडळी हसली. श्रीरंगही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आपलं काम घरच्या एका तरी माणसाने एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

"अहो, खाली जाऊन त्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून या," वीणा हळूच म्हणाली. "उगाच वाद नको."

तो बेसमेंटमध्ये गेला, लाल चाक घट्ट फिरवलं आणि तोंड पाडून पाटावर येऊन बसला.

"बंद केलात? बरं केलंत," शैलेंद्र म्हणाला. "चालू असून चालला नसता, तर चारचौघांत किती पंचाईत!"

कलशाला हळद लावणारा वीणाचा हात थांबला.

"तूप खालीच राहिलं," म्हणत ती उठली. बऱ्याच वेळाने डबा घेऊन आली तेव्हा पैठणी जाऊन अंगावर जुनी नायलॉनची साडी आली होती.

"पैठणी?" श्रीरंगने विचारलं.

"धूर लागतो. दादा, तुझा तो कॅमेरा आमच्या लतिकाकडे दे. ती दारातून शूट करेल. तू पुढे बस, कोपऱ्यात. व्हिडिओत छान दिसशील."

शैलेंद्र केस सारखे करून पुढे बसला.

पूर्णाहुतीला बाळकाकांनी हात सैल सोडला. तुपाची धार पडताच ज्वाळ दोन्ही भिंतींना धरून सरसर वर चढली. श्रीरंगची नजर सवयीने छतावर गेली. त्याच्या ओठांवर आकडे हलू लागले. चालू असता तर आत्ता पाणी पडलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि वर टक् असा आवाज झाला.

पाणी असं कोसळलं की अग्नी, शैलेंद्र आणि मंत्र एकदम थांबले.

मंडळी किंचाळत स्वयंपाकघरात पळाली. श्रीरंग भिजल्या सोवळ्यात तिथेच उभा राहिला.

"स्वयंपाकघरातला बघा! कोरडा आहे ना?" तो ओरडला. "ज्याच्याखाली आग, तेवढाच उघडतो! सगळे नाही!"

"बाबा, इट वर्क्स!" लतिका दारातून म्हणाली. तिचा कॅमेरा चालूच होता.

मग त्याला आठवलं, की चाक आपण बंद केलं होतं. तो धावत खाली गेला. चाक पूर्ण उघडं होतं आणि त्याच्या लाल कडेवर हळदीची चार बोटं उमटली होती. श्रीरंगने ती बोटं वगळून चाक धरलं आणि पाणी बंद केलं.

वर आला तेव्हा बाळकाका पोथी झटकत म्हणत होते, "अग्नी तर शांत झाला. वास्तूही होईल." शैलेंद्र टपकणाऱ्या केसांनी मंडळींना समजावत होता, "कोपऱ्यातली आग डेंजरस! आमच्या श्रीरंगरावांनी आधीच सांगितलं होतं."

वीणा सगळ्यांना टॉवेल वाटत होती. टॉवेलांची चळत दाराशी आधीपासूनच तयार होती.

"व्हॉल्व्ह बंद करायला विसरलात ना?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

श्रीरंगने तिच्या पिवळ्या बोटांतून टॉवेल घेतला.

"विसरलो," तो म्हणाला.