दुसऱ्या साक्षीदाराची जागा

रुखमाबाईंनी जन्मात कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही. त्या सोमवारीही त्या हळूच बोलल्या होत्या. पुढं त्यांना सलत राहिलं ते हेच. आपण ओरडलो असतो तर समोरचा माणूस निदान भांडला तरी असता.

अठ्ठावन्न सालचा श्रावण होता. त्यांचे थोरले दीर नानाजी चार महिने अंथरुणाला खिळलेले. बायको मागेच वारली, पोटी मूल नाही. मेव्हणीची आईवेगळी पोर कोकिळा त्यांनी दोन वर्षांची असताना आणली नि वाढवली. ती त्यांना बाबा म्हणे. आता ती सतरा वर्षांची झाली होती. वणीच्या वकिलानं सांगून ठेवलं होतं, "तिचं दत्तक जायचं वय निघून गेलं. शेत पोरीला द्यायचं तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पाहिजेत, आणि अंगठा तुमचा आहे हे दोघांनाही तुम्ही स्वतः सांगायला हवं. नाहीतर शेत भावाकडं जाईल."

भाऊ म्हणजे मारोतराव, रुखमाबाईंचे यजमान. विहिरीजवळच्या त्या काळ्या शेतावर त्यांचा डोळा होताच.

मारोतराव बैल पाहायला वणीला गेले तो दिवस नानाजींनी साधला. सकाळीच शाळेचे गुरुजी आले. त्यांनी कागद लिहिला, वाचून दाखवला, नानाजींचा अंगठा घेतला नि खाली आपली सही केली.

"बाबा, अंगठा पाहा तुमचा! भजं काढल्यावानी उमटला," कोकिळा हसली.

"तं मंग तळ न भजे," नानाजी म्हणाले, "कागद करून उपाशी कायले मारतं मले?"

राहिली दुसरी सही. मारोतरावांशी वाकडं घ्यायला गावात कोण धजणार? नानाजींनी देवरावाला निरोप धाडला. दोघांनी लहानपणी एकाच रानात गुरं राखली होती. देवराव आता राजूरच्या खाणीत कामाला होता. दोन वर्षांमागं त्यानं घरादारासकट बुद्धाची दीक्षा घेतली होती.

तो आला तेव्हा दुपार होत होती. चपला बाहेर काढून तो दारात उभा राहिला. "जयभीम, बाई. नानाजीभाऊनं सहीले बलावलं मले."

रुखमाबाई ओलेत्यानं चुरमा वळत होत्या. नानाजींना उतार पडावा म्हणून त्यांनी सोळा सोमवार धरले होते, आणि आज सतरावा, उद्यापनाचा होता. माजघरात पाट मांडला होता, बेल वाहिला होता. नानाजींची बाज आतल्या खोलीत, आणि तिथं जायची वाट पाटाला लागूनच. त्यांनी एकदा पाटाकडं पाहिलं, एकदा देवरावाच्या पायांकडं.

"देवरावभाऊ, आज माह्यं उद्यापन हाय. उद्या या न."

"उद्या पाळी हाय, बाई. परवा येतो."

"परवा या. च्या घेऊन जा मात्र."

देवरावानं वर पाहिलं. वळचणीला त्याच्यासारख्यांसाठी वेगळी कपबशी खोचून ठेवलेली होती. "च्या नको," तो म्हणाला नि चपला घालून निघून गेला.

"काकी, कोन आलतं?" आतून कोकिळेनं विचारलं.

"देवरावभाऊ. परवा येतो म्हणाले."

मंगळवारी उजाडता उजाडता नानाजी गेले.

तेरावं झालं. रुखमाबाई कागद पदराखाली धरून देवरावाच्या वस्तीत गेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. देवरावाच्या बायकोनं त्यांना घोंगडी अंथरून दिली.

"भाऊ, मागची तारीख टाका नि सही करा. पोरीचं वाटोळं होऊन राह्यलं."

देवरावानं कागद बराच वेळ पाहिला. "अंगठा नानाजीभाऊचाच हाय, हे मले समजते. पण त्यानं मले कवा सांगतलं? कोर्टात इचारलं तं खोटं बोला लागन."

"पोरीसाठी, भाऊ."

"बाई, तुमचं व्रत होतं तं मी माघारी गेलो. आता माह्यं हाय. खोटं बोलनार नाही, असं शील घेतलं मी."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. बायकोनं आपल्या घरच्या कपात चहा आणला, आणि रुखमाबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. प्यायला काहीच जड गेलं नाही, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

शेत मारोतरावांनी वाहायला घेतलं. पाणवठ्यावर बाया म्हणत, "गोड बोलून शेत घरात आनलं रुखमाबाईनं!" त्या मान खाली घालून घागर भरत. आपल्या मनात त्या दिवशी शेत होतं का, असं त्यांनी देवासमोर बसून स्वतःला किती वेळा विचारलं! नव्हतं. पण देव राखण्याच्या नादात माणूस दारातून परत गेला, हे खरं होतं.

वैशाखात मारोतरावांनी कोकिळेला झरी जामणीकडच्या एका बिजवराला देऊन टाकलं. नवरा चाळिशीचा, पहिलीची तीन पोरं. शेत नसलेल्या पोरीला दुसरं कोण करणार? रुखमाबाई नवऱ्याजवळ हळूच एकदा बोलल्या. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

गाडी जुंपली तशी कोकिळा पाया पडायला आली. "काकी, तो कागद कुठी हाय?"

"तो चालत नाही, माय."

"ठाव हाय. गुरुजीनं वाचला तवा बाबानं मले काय म्हनलं ते मी आयकलं. तेवढं दे मले."

देव्हाऱ्यातल्या पोथीखालून रुखमाबाईंनी कागद काढला. 'माझी मुलगी कोकिळा' असं वर लिहिलं होतं. खाली अंगठा, गुरुजींची सही, आणि तिच्याखाली दोनचा आकडा घालून सोडलेली कोरी जागा. कोकिळेनं घडी घालून कागद पदराच्या गाठीत बांधला.

"रडू नको, काकी. तुवा काय मुद्दाम केलं?"

गाडी पांदणीतून दिसेनाशी झाली तरी त्या दारातच उभ्या होत्या. देवराव उभा राहिला होता, त्याच जागी.

सोमवार त्यांनी पुढं कधी सोडले नाहीत. पण सोळा पुरे झाले की उद्यापन करत नसत. पुन्हा पहिल्यापासून धरत.