पुलाच्या अलीकडचा नंबर

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. हल्ली माळ्यावर, एका मोडक्या पंख्याला टेकून पडलेला असतो. माझ्या पोटात पितळेच्या दोन वाट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक बारीक दांडी. तारेतून वीज आली की दांडी वाट्यांवर आपटते आणि मी वाजतो. मला स्वतःहून एवढंच येतं.

मित्रांनो, मला ज्या घरात बसवलं ते पुलाच्या अलीकडे, जुन्या शहरात होतं. नंबराआधीचा कोड म्हणजे खरं तर तार कोणत्या केंद्राला जोडली आहे याची खूण. लोकांनी तिची मोठेपणाची खूण केली. घरातले दादा नंबर सांगताना कोडपाशी जरा थांबत, आणि ऐकणाऱ्याचा आवाज लगेच मऊ होई. दोन्हीकडचं बोलणं माझ्यातूनच जायचं, म्हणून मला ते कळायचं. मीही फुगलो. पलीकडून येणारे फोन मला हलके वाटू लागले.

दादांची बहीण पुलापलीकडे राहायची, कपडे शिवायची. मुलीला अलीकडच्या शाळेत घातलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, शाळेत तुमचाच नंबर दिलाय हं. आमचा कोड बघितला की तिथल्या मुलांच्या आया नाकं मुरडतात."

"द्या की, वन्सं," वहिनी हसल्या. "नाहीतरी तुमच्या गिऱ्हाइकांचे निरोप मीच घेते. आता दारावर तुमची पाटी तेवढी लावायची राहिलीय!"

एकदा घर बंद असताना मी वाजू लागलो. थांबलो, पुन्हा वाजलो. असं कितीतरी वेळ चाललं होतं. दुपारी वहिनी आल्या आणि पिशवी हातात घेऊनच त्यांनी रिसीव्हर उचलला.

"अहो, सकाळपासून लावतेय!" शाळेतल्या बाई बोलत होत्या. "मुलगी जिन्यावरून पडलीय. हात मोडलाय बहुतेक. दुसरा नंबर विचारला तर तोंडच उघडत नाही."

"तिला द्या जरा... अगं, आईचा नंबर पाठ आहे ना तुला?"

"आहे."

"मग सांगितला का नाहीस, बाळा?"

मुलगी अगदी हळू बोलली. "मामी, बाई इथेच उभ्या आहेत. त्यांना कळेल ना, आपण पलीकडचे ते. आई म्हणालीय, कुणाला सांगायचं नाही."

मित्रांनो, तो आवाज माझ्या तारेतून गेला तेव्हा मला माझीच लाज वाटली. ज्या कोडचा मी तोरा मिरवला, त्याच्यापायी एक लहान मुलगी मोडलेला हात धरून गप्प बसली होती.

वहिनींनी लगेच वन्संना फोन लावला. सगळं ऐकल्यावर पलीकडचं शिलाई मशीन थांबलं.

"दुखत असून गप्प बसली?" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, मीच शिकवलं हो तिला."

त्या धावतच शाळेत गेल्या. मोडलेलं हाड नीट बसवलं की जुळून येतं; मुलीचंही आलं. शाळेत वन्संनी स्वतःचा नंबर दिला, कोडसकट.

मुलांनो, आपल्या घरचा नंबर मान वर करून सांगत जा. आणि दुसऱ्या कुणी सांगितला, तर तो कुठला आहे हे बघत बसू नका. आधी फिरवा. तिकडे कुणाची तरी आई फोन उचलणार असते.